अडतीस यार्डांचा पंचनामा

मापसाहेबांनी बासष्ट वर्षांच्या आयुष्यात एकच घोडा जवळून पाहिला होता, आणि तोही नातवाचा, लाकडी, एक कान तुटलेला. अशा माणसाकडे घोड्यांच्या सर्वांत लांब शर्यतीचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम कसं आलं, याचा सगळा दोष खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे जातो.

झालं असं की रेसकोर्सचे सेक्रेटरी दाढ दाखवायला आले होते. खुर्चीत टेकता टेकता ते म्हणाले, "आमच्या मोठ्या शर्यतीचं यंदा शंभरावं वर्ष आहे, स्मरणिका काढायचीय, लिहिणारं कोणी मिळत नाही." दंतवैद्यांनी आधी त्यांच्या तोंडात नळी, आरसा आणि फिरतं यंत्र घातलं आणि मग वरच्या मजल्यावरच्या मापसाहेबांचं नाव सुचवलं. तोंडात यंत्र फिरत असताना कोणालाही नाही म्हणता येत नाही. सेक्रेटरींनी दोन्ही हात जोरजोरात हलवले, दंतवैद्यांना वाटलं त्यांना आनंद झाला.

तसे मापसाहेब अगदीच नवखे लेखक नव्हते. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तिचा चव्वेचाळीस पानी इतिहास त्यांनीच लिहिला होता. त्यात टाकीची लांबी, रुंदी, खोली आणि शिडीच्या पायऱ्यांची संख्या, तुटलेल्या दोन पायऱ्या धरून आणि न धरून, अशी दोन्ही प्रकारे दिली होती. तो कोणी वाचला नाही. पण त्यात कोणी चूकही काढली नाही, असं मापसाहेब म्हणत.

वजन-मापे खात्यात तेहेतीस वर्षं त्यांनी निरीक्षक म्हणून काढली होती. बाजारात ते शिरले की दुकानदार तराजू पुसायला लागत. निवृत्तीनंतर बाजार सुटला, पण सवय घरात आली. दूध मापून घेतल्याशिवाय चहाचं आधण चढत नसे, त्यामुळे त्या घरात चहा कायम उशिरा होई. बायको एवढंच म्हणे, "बाजारातल्या लोकांचं सुटलं, आमचंच नशीब."

तर असे मापसाहेब रेसकोर्सच्या कचेरीत, वजनाच्या खोलीमागच्या एका चिंचोळ्या खोलीत, जुनी रजिस्टरं घेऊन बसले. खोलीत कातड्याचा आणि खोगिरांना लावायच्या साबणाचा वास होता. मुखपृष्ठावर आपलं नाव छापून येणार या कल्पनेनं त्यांनी पहिल्याच दिवशी नवा पेन घेतला.

इतिहास तसा रंगेल निघाला. अस्सल जातिवंत थरोब्रेड घोड्यांची ही शर्यत, मध्ये कुंपण नाही, खंदक नाही, सपाट मैदानावर दोन मैल धावायचं. पहिल्या वर्षी तीन घोडे धावले आणि पाहायला अकरा माणसं होती. सातव्या वर्षी एकच घोडा आला, बाकीच्यांना खोकला झाला होता. नियम असा की घोडा एकटा असला तरी जॉकीला पाठीवर घेऊन त्यानं शेवटच्या खांबापर्यंत जायचंच, तेव्हाच तो जिंकला असं धरायचं. त्या घोड्याला आजूबाजूला कोणी दिसेना, म्हणून तो वाटेत थांबला आणि पाऊण तास चरत राहिला. तरी पहिला आला. एकोणतिसाव्या वर्षी दाट धुकं पडलं. सहा घोडे धुक्यात शिरले आणि सात बाहेर आले. सातवा लाँड्रीवाल्याच्या गाडीचा होता. तो चौथा आला आणि त्याच्या मागे राहिलेल्या तिघांच्या मालकांनी पुढे कधी या विषयावर बोलायचं नाही असं ठरवलं.

एकोणसाठाव्या वर्षी 'सबुरी' नावाच्या घोडीनं आपल्या नावाला न शोभेल अशी घाई केली आणि दोन मैल तीन मिनिटं सव्वीस सेकंदांत कापले. त्यालाही आता एकेचाळीस वर्षं झाली, विक्रम अजून कोणाला मोडता आला नव्हता. तिचा जॉकी याच रेसकोर्सवर वजनाच्या खोलीची देखभाल करत होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. पंचाहत्तरीचा, उंचीनं मापसाहेबांच्या कोपरापर्यंत, पण चालताना पाठ सरळ. शंभराव्या शर्यतीचा चषक उस्तादांच्या हस्ते द्यायचा आणि त्यांचा सत्कार करायचा, असं कमिटीनं ठरवलं होतं. त्या दिवसासाठी उस्तादांनी कोट शिवायला टाकला होता. शिंप्यानं दोनदा विचारलं, "शाळेतल्या मुलाचा आहे का?" तेवढं सोडलं तर उस्ताद खुशीत होते.

सगळी टिपणं काढून झाली. मापसाहेबांनी कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य लिहायला घेतलं, 'दोन मैलांची ही शर्यत', आणि त्यांचा पेन थांबला.

दोन मैल? मोजले कोणी?

ते उठून सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, मोजायचे काय? नावच दोन मैलांची शर्यत आहे."

"पावशेराची वाटी असं नाव असलं म्हणून वाटीत पावशेर मावतो असं नाही," मापसाहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी नोकरीत हजारदा वापरलं होतं.

त्यांनी रजिस्टरं पुन्हा उलथीपालथी केली. पहिल्या वर्षी एका मोजणीदारानं साखळी टाकून मैदान मोजलं होतं, ते ठीक. पण पन्नासाव्या वर्षी प्रेक्षकांसाठी नवा सज्जा बांधला, तेव्हाची नोंद अशी होती: 'सज्ज्यासमोर यावा म्हणून शेवटचा खांब पुढे घेतला, व सुरुवातीचा खांबही त्या मानाने पुढे घेतला.' मापसाहेब त्या ओळीकडे किती तरी वेळ बघत राहिले. 'त्या मानाने' हे माप कोणत्याही खात्यात मंजूर नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही.

"मी स्वतः मोजणार," त्यांनी घरी जाहीर केलं.

मोजायला साधन होतं. निवृत्तीच्या दिवशी इतरांना घड्याळ देतात, मापसाहेबांना खात्यातल्या लोकांनी मोजणीचं चाक दिलं होतं. लांब दांडा, खाली लोखंडी चाक, एका फेऱ्याला बरोबर सहा फूट, म्हणजे दोन यार्ड, आणि फेरे मोजणारा छोटा आकडेदर्शक. दांड्यावर पितळी पट्टी, तिच्यावर त्यांचं नाव. दोन वर्षं ते चाक कपाटामागे उभं होतं. आता ते बाहेर आलं आणि मापसाहेब सराव म्हणून बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बैठकीत फेऱ्या मारू लागले. लोखंड फरशीवर असं खडखडे की दुसऱ्याच दिवशी दंतवैद्य वर आले.

"साहेब, तुमचं हे वर सुरू झालं की खाली माझे पेशंट मी यंत्र लावायच्या आधीच ओरडतात. त्याला रबर लावून घ्या की."

शेजाऱ्यांचा सल्ला फुकट असतो, एवढाच त्याचा गुण. पण बायकोलाही तो पटला, कारण फरशीवर ओरखडे पडत होते. तिनं दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना चाक बरोबर नेलं आणि कोपऱ्यावरच्या चांभाराकडून त्याच्या कडेला सगळीकडून रबराची पट्टी चिकटवून आणली. ट्रकच्या ट्यूबचं रबर, चांगलं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाड.

"बघा हो, आवाजच येत नाही आता," ती म्हणाली.

मापसाहेबांनी चाक फिरवून पाहिलं. "उत्तम! गवतावर घसरणारही नाही." पोटभर जेवून ते झोपले.

मैदानावर उतरायला परवाना लागतो हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मैदानाच्या गवतावर सकाळी फक्त घोड्यांना जाता येतं, माणसांना घोड्याबरोबर. खिडकीमागच्या कारकुनानं एक फॉर्म पुढे सरकवला. त्यावर पहिलाच रकाना 'घोड्याचे नाव'.

"माझ्याकडे घोडा नाही," मापसाहेब म्हणाले.

"मग कशाच्या पाठीवर जाणार?"

"पाठीवर नाही, हातात. चाक आहे."

कारकुनानं खिडकीतून वाकून चाक पाहिलं. "चालेल. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मापसाहेब स्वतः सरकारी माणूस. रिकाम्या रकान्याची भीती त्यांच्याही हाडात भिनलेली. त्यांनी लिहिलं. नाव: मोजणीचे चाक. रंग: काळा. वय: दोन वर्षे. आईबाप: खात्याकडून भेट. स्वभाव: शांत. 'मालक' या रकान्यात आपलं नाव लिहिल्यावर 'जॉकी' या रकान्यातही आपलंच लिहावं लागलं, तेव्हा मात्र त्यांना कसंसंच झालं.

मग वजन. जॉकीचं वजन धावण्याआधी आणि धावून आल्यावर, असं दोनदा घेतात, म्हणजे वाटेत कोणी वजन टाकलं असलं तर कळतं. उस्तादांनी त्यांना काट्यावर उभं राहायला सांगितलं. मापसाहेब उभे राहिले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले आणि काट्याच्या बुडाशी कुठला शिक्का आहे ते पाहू लागले.

"या काट्याच्या शिक्क्याची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपलीय!" ते ओरडले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर इतकं तेज आलं होतं.

उस्ताद ओशाळून म्हणाले, "राहिलं साहेब. माझ्या ध्यानात नाही आलं."

"ध्यानात नाही आलं, माहीत नव्हतं, ही सबब कायद्यात बसत नाही उस्ताद," मापसाहेब म्हणाले. मग आपण आता निवृत्त आहोत हे आठवून थोडे नरमले. काट्यावर नवा शिक्का बसेपर्यंत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी मापसाहेब काट्यावर चढले आणि मग त्यांची स्वारी मैदानात उतरली.

उस्ताद बरोबर आले. "एकटे कशाला जाता? मला हा रस्ता पाठ आहे," ते म्हणाले. दोघं चालू लागले, एक उंच, एक ठेंगणा, मध्ये चाक. मापसाहेब आकड्यांकडे बघत होते. उस्ताद समोर बघत होते आणि एकेचाळीस वर्षांपूर्वीची शर्यत पुन्हा धावत होते.

"इथं आम्ही सगळ्यांत मागं होतो. सबुरीला सुरुवातीला पळायचा कंटाळा. लोक हसत होते. मालक सज्ज्यातून उठून गेला... आता बघा, हे वळण. इथं तिनं कान मागं टाकले. मी काही केलं नाही साहेब, चाबूकसुद्धा उगारला नाही, देवाशपथ. ती आपली आपण निघाली."

"चारशे बारा," मापसाहेब म्हणाले.

"काय?"

"फेरे. तुम्ही सांगा, मी ऐकतोय."

सज्ज्यासमोरून एकदा जाऊन, पूर्ण फेरी मारून, पुन्हा सज्ज्यासमोर यायला दोघांना तासभर लागला. शेवटच्या खांबाला चाक टेकलं तेव्हा उस्तादांचे डोळे भरून आले होते आणि मापसाहेबांचे विस्फारले होते.

दोन मैलांचे सतराशे साठ फेरे व्हायला हवे होते. आकडा होता सतराशे एक्केचाळीस. एकोणीस फेरे कमी. अडतीस यार्ड!

"उस्ताद," मापसाहेब हळूच म्हणाले, "ही शर्यत आखूड आहे."

 उस्ताद खांबाला हात लावून उभे राहिले. मग परत जाऊन मापसाहेबांचं वजन घ्यायचं विसरले नाहीत, ते पाव किलो कमी भरलं.

मापसाहेबांचा अहवाल कमिटीपुढे गेला आणि एकच गोंधळ उडाला. आतापर्यंत स्मरणिकेत कोणाला रस नव्हता, आता सगळ्यांना इतिहास कळू लागला. शेवटी कमिटीनं ठराव केला: सुरुवातीचा खांब अडतीस यार्ड मागे न्यावा. पन्नासाव्या वर्षापासूनचे सगळे विक्रम रद्द समजावेत, सज्ज्यातली विक्रमांची पाटी पुसावी आणि शंभराव्या शर्यतीपासून नव्यानं सुरुवात करावी. उस्तादांचा सत्कार विक्रमासाठी होता, आणि विक्रम आता नव्हता, म्हणून सत्कारही रद्द. मापसाहेबांचे आभार मानण्यात आले.

सोसायटीत त्यांची मान ताठ झाली. दंतवैद्य जिन्यात प्रत्येकाला सांगत होते, "अर्धं शतक जगाला फसवत होते, आमच्या साहेबांनी पकडलं." मापसाहेब नम्रपणे म्हणत, "माप म्हणजे माप." पण घरी ते गप्प गप्प असत. लिहायला बसले की एकोणसाठावं वर्ष येई आणि पेन तिथंच अडे. सबुरीचं काय लिहायचं? ती धावली, पण धावली नाही? बायकोनं चौथ्या दिवशी विचारलं, "इतकं खरं शोधून काढलंत, मग चेहरा असा का?"

"त्या म्हाताऱ्याचा कोट शिवून आलाय," मापसाहेब म्हणाले. एवढंच म्हणाले.

शर्यतीला आठ दिवस राहिले असताना दुपारी दार वाजलं. उस्ताद होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो. बायकोनं चहा टाकला, आणि त्या दिवशी दूध न मापताच टाकला.

"साहेब, मी भांडायला नाही आलो," उस्ताद खुर्चीच्या कडेला टेकत म्हणाले. "मोजलं ते मोजलं. माझा सत्कार गेला तो गेला, त्याचं काही नाही. पण हा तिचा फोटो. इतिहासात कुठं कोपऱ्यात छापता आला तर बघा. रस्ता आखूड असेल, पण घोडी आखूड नव्हती हो."

 मापसाहेबांनी फोटो हातात घेतला. दुपारच्या उन्हात चमकणारी घोडी, कान पुढे, आणि वर चिमणीएवढा तरुण उस्ताद.

अवघडलेपण घालवायला उस्ताद इकडे तिकडे पाहू लागले. कोपऱ्यात चाक उभं होतं. उस्ताद उठले आणि सवयीनं त्यांनी ते घोड्याचा पाय उचलावा तसं उचलून मांडीवर घेतलं. कडेवरून अंगठा फिरवला.

"नवी नाल ठोकलीय," ते म्हणाले.

"रबर आहे ते. फरशीसाठी," बायको आतून म्हणाली.

"तेच म्हणतो मी. घोड्याची उंची मोजताना आम्ही नाल काढून मोजतो. नाहीतर नालेची जाडी त्यातून वजा करतो. नाहीतर घोडा उगाच उंच भरतो ना. तुमच्यात नाही का तसं करत?"

उस्तादांनी अगदी सहज विचारलं होतं. पण मापसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला.

"अगं," त्यांनी हाक मारली.  "तुझी शिवणाची टेप आण."

टेप आली. मापसाहेबांनी ती चाकाभोवती गुंडाळली. एकदा, दोनदा, तीनदा. सहा फूट हवं होतं. भरलं सहा फूट पाऊण इंच, आणि वर एक केस. कागद घेतला, गुणाकार केला, भागाकार केला. दर फेऱ्याला पाऊण इंच आणि एक केस जास्त, म्हणून दोन मैलांत फेरे कमी. किती कमी? एकोणीस. बरोबर अडतीस यार्ड.

शर्यत आखूड नव्हती. चाक फुगलं होतं.

 उस्तादांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवायला त्यांनी चहा प्यायला घेतला, आणि चहा संपला होता.

बायको म्हणाली, "अहो, मीच लावून आणलं. मला काय माहीत."

आणि मापसाहेबांना एक किराणा दुकानदार आठवला. वीस वर्षांपूर्वीचा. त्याच्या तराजूच्या पारड्याखाली कापडाची घडी चिकटवलेली सापडली होती. तो रडकुंडीला येऊन म्हणत होता, "साहेब, पारडं खणखणतं म्हणून बायकोनं लावलं, मला माहीत नव्हतं." मापसाहेबांनी त्याला काय उत्तर दिलं होतं ते त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. काही दिवसांपूर्वी उस्तादांनाही तेच ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात त्यांची तेहेतीस वर्षं गेली, आणि आपलं मुसळ बायको बाजारातून रबर लावून घेऊन आली!

उस्ताद चटकन म्हणाले, "साहेब, कोणाला सांगायची गरज नाही. तुम्ही मैदान पुन्हा मोजा, म्हणा की आकडा लिहिताना चुकला. आकडा कोणाचाही चुकतो. मी तोंड उघडणार नाही. तुमचं नाव आहे."

दंतवैद्य जिन्यात काय म्हणतील, सेक्रेटरी काय म्हणतील, खात्यातले जुने लोक ऐकून किती दिवस हसतील, हे सगळं मापसाहेबांच्या डोळ्यांपुढून गेलं. मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच मोह झाला. मग ते उठले, आत गेले आणि जाडजूड जुना कोट घालून बाहेर आले. नोकरीत ते धाडीला जाताना तोच कोट घालत.

"उस्ताद, तुम्ही पंच क्रमांक एक," ते म्हणाले. "अगं, तू पंच क्रमांक दोन. इकडे ये."

"अहो, कणीक भिजवतेय."

"हात धुऊन ये. पंचनामा करायचाय."

त्यांनी लिहायला घेतलं. 'आज रोजी आम्ही खाली सह्या करणारे पंच, यांच्या समक्ष, राहत्या घरी, बैठकीच्या खोलीच्या आग्नेय कोपऱ्यात, एक मोजणीचे चाक मिळून आले. सदर चाकास अनधिकृत रबर बसवून त्याचे माप वाढवल्याचे दिसून आले. सदर चाकाच्या आधारे दोन मैल अंतराची शर्यत अडतीस यार्डांनी आखूड असल्याचा खोटा अहवाल देण्यात आला. सदर चाकाचा कब्जेदार यास विचारले असता त्याने आपणास माहीत नव्हते असे सांगितले. सबब ग्राह्य धरली नाही.'

"कब्जेदार कोण?" उस्तादांनी विचारलं.

"मी."

मग त्यांनी दोरी बांधून चाक जप्त केलं, लाख वितळवून गाठीवर आपल्या अंगठीचा ठसा उमटवला, आणि पंचांच्या सह्या घेतल्या. उस्तादांनी मोडी लिपीत काढल्यासारखी, गोल गोल सही केली. बायकोच्या सहीशेजारी कणकेचा डाग पडला. 'पुरावा' असं लिहून मापसाहेबांनी तोही दाखल करून घेतला.

दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे पंचनामा त्यांनी स्वतः उभं राहून वाचला. मधूनमधून कोणीतरी खोकत होतं, आणि तो खोकला नसावा. वाचून झाल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे साहेब, चूक तुमची?"

"संपूर्ण."

"आणि खांब मागे न्यायला खणलेला खड्डा?"

"मी बुजवीन," मापसाहेब म्हणाले, आणि कुदळ आपली आणू की तुमची द्याल, असंही विचारलं.

पण नुसत्या गुणाकारावर विश्वास ठेवायला ते तयार नव्हते. खात्यातून शिक्क्याची पोलादी साखळी रीतसर अर्ज करून आणली. परवान्याच्या खिडकीवर कारकुनानं विचारलं, "नवा घोडा?" मापसाहेबांनी मुकाट्यानं नाव लिहिलं: साखळी. स्वभाव या रकान्यात लिहिलं: ताणलेला. साखळीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं उस्तादांनी, आणि सकाळचे पाच तास दोघं त्या मैदानावर वाकून वाकून चालले. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या 'त्या मानाने' वाल्या माणसाला मापसाहेबांनी मनातल्या मनात नमस्कार केला. अंतर भरलं दोन मैल आणि वर चार इंच.

"चार इंच जास्त," ते उस्तादांना म्हणाले. "जास्त दिल्याबद्दल कायद्यात शिक्षा नाही."

खांब जागेवर आला, पाटी पुसायची राहिली, सत्काराचं पत्र पुन्हा निघालं. सोसायटीत मात्र मापसाहेबांना आठ दिवस जिना चढताना जड गेलं. दंतवैद्य आता प्रत्येकाला सांगत होते, "रबराचा सल्ला माझा होता, पण तो आवाजासाठी होता, मोजण्यासाठी नव्हता."

शर्यतीच्या दिवशी सज्जा गच्च भरला होता. बायकोनं आग्रह करून मापसाहेबांना आणलं. उस्ताद नव्या कोटात चषकाशेजारी उभे होते. नऊ घोडे सुटले. मापसाहेबांना कोणता कोणता ते कळत नव्हतं, पण त्या वळणाशी सगळ्यांत मागच्या घोड्यानं कान मागे टाकले तेव्हा ते नकळत उभे राहिले. तो घोडा एकेकाला मागे टाकत आला आणि शेवटच्या खांबापाशी सज्जाच ओरडला. भोंग्यातून वेळ सांगितली गेली. तीन मिनिटं, पंचवीस आणि चार पंचमांश सेकंद.

एकेचाळीस वर्षांचा विक्रम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यानं मोडला होता.

 इतका उपद्व्याप करून म्हाताऱ्याला विक्रम परत मिळवून दिला, तो आठ दिवससुद्धा टिकला नाही! मापसाहेब गर्दीतून वाट काढत चषकापाशी पोचले. उस्ताद त्या जिंकलेल्या कोवळ्या जॉकीला मिठी मारत होते, आणि रडत होते, आणि हसतही होते.

"उस्ताद, मला फार वाईट वाटतं," मापसाहेब म्हणाले.

"वाईट कशाचं साहेब?" उस्तादांनी बाहीला डोळे पुसले, नव्या कोटाच्या. "पाटी पुसली असती तर कसा मोडला असता? मोडायला तरी तो असावा लागतो. पळून मोडला पोरानं. असाच जायला हवा होता." मग त्यांनी मापसाहेबांना खाली वाकायची खूण केली आणि कानाशी विचारलं, "अंतर बरोबर होतं ना आज?"

"चार इंच जास्तच."

"म्हणजे माझ्या घोडीलाही चार इंच जास्त पळावं लागलं होतं?"

मापसाहेबांनी विचार केला. खांब पन्नासाव्या वर्षापासून तिथंच होते. "हो," ते म्हणाले. "अधिकृतपणे."

उस्ताद मान वर करून सज्ज्यातल्या सगळ्या लोकांकडे बघत राहिले. स्मरणिका महिनाभरानं छापून आली. एकोणसाठाव्या वर्षाच्या पानावर पूर्ण पानभर फोटो आहे, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात ते चार इंच सबुरीच्या नावावर लिहिले आहेत.